सागरी महामार्ग सपाट आहे म्हणणाऱ्याला सायकलवर बसवा

"किनाऱ्याकिनाऱ्यानं तर जायचंय, चढ कुठून येणार?" असं मित्र म्हणाला आणि मला ते पटलं. फेब्रुवारीत हरिहरेश्वर ते गणपतीपुळे सायकलनं आलो. गुडघे अजून कुरकुरतायत.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्रात जाते. तिथलीच कृष्णा १,४०० किलोमीटर चालते. कोकणातल्या नद्या अशा आखूड आणि मुखाशी रुंद खाड्या. दोन खाड्यांमध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उंच कातळी पठार. त्यामुळे रस्ता एकच खेळ खेळतो: धक्क्यापर्यंत उतरा, फेरीबोटीत बसा, पलीकडे घाटी चढा. बागमांडला-वेसवी झालं, केळशी-आंजर्ले मजेत झालं, मग दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि तिथं पाय गळाले. बोटीत बसून थंड पडलेल्या पायांना धक्का सोडल्या सोडल्या चढ. मी सरळ ढकलत नेली, लाज वाटली नाही. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. जांभ्यात पाणी टिकत नाही, म्हणून गावं खाली खाडीकाठी आणि वर नुसता कातळ. तीन लिटर पाणी खालीच भरून घ्या. दोन पुरत नाही.

आता तवसाळ. शास्त्री नदीची खाडी, समोर जयगड दिसतोय. दुपारी साडेबाराला धक्क्यावर बोट नव्हती. एक टेम्पोवाला म्हणाला, "ओहोटी आहे, आता संध्याकाळशिवाय बोट लागायची नाही." मी दमलेलो. त्याच्याच टेम्पोतून आबलोलीवरून राई-भातगावच्या पुलावरून वळसा, सायकलसकट २,२०० रुपये. जयगडला पोचलो तर तवसाळहून आलेल्या बोटीतून गाड्या उतरत होत्या. कधीपासून चालू आहे विचारलं. "बंद कधी होती?"

चूक माझीच. आमच्या आजीचा हिशोब मला पाठ होता: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. त्या दिवशी नवमी, म्हणजे भरती पावणेसातला आणि ओहोटी एकच्या सुमारास. इथवर टेम्पोवाला खरं बोलला. पण अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी फार खाली जात नाही. बोट अडेल तर अमावस्या-पुनवेच्या उधाणात, खोल ओहोटीला. तेव्हा जाताना कॅलेंडरवरची तिथी बघा आणि बोटीचं बोटवाल्यालाच विचारा, धक्क्यावर टेम्पो लावून बसलेल्याला नाही. शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या मुक्कामीच फोन करून घ्या.

पेडलजवळचं पुढचं दातेरी चाक लहान नसलेली सायकल असेल तर हा मार्ग घेऊ नका. दिवसाला साठ किलोमीटर पुष्कळ झाले, मी नव्वद धरले होते.

वेळासची सकाळ, आंजर्ल्याचं जेवण वगैरे छान होतं. जयगडहून मालगुंडला जातानाही चढ आहेच. तो मला कोणीच सांगितला नव्हता.