वॉफलचा साचा आणि आमच्या गावची लाइन

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातून वैनीचा, मग तिच्या बहिणीचा, मग शाळेतल्या मैत्रिणीचा असे एका महिन्यात तीन फोन आले. प्रश्न एकच : पोरांना घरी रोज वॉफल करून द्यायचे तर कोणतं यंत्र घ्यावं? फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढते.

आम्ही नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला राहतो. इथे वॉफल ही हॉटेलात जाऊन खायची गोष्ट नाही. आपल्याकडे संध्याकाळी पाहुणा आला की पोहे टाकतात, तसे हे लोक वॉफल टाकतात. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या पाच पाकळ्यांचं मऊ, पातळ फूल, त्यावर जॅम किंवा ब्रुनोस्त नावाच्या गोडसर तपकिरी चीजचा पापुद्रा. पिठात बहुतेक जण विलायची घालतात. त्या वासामुळे मला हा पदार्थ पहिल्या दिवसापासून घरचा वाटला.

पहिलं यंत्र मी किंमत पाहून घेतलं. आठ महिन्यांत नॉनस्टिकचा थर उडाला, बिजागरी ढिली झाली आणि वरची प्लेट एका बाजूने उचललेली राहू लागली. दोन बदाम लाल, तीन पांढरे. त्यातली निम्मी चूक यंत्राची आणि निम्मी माझी, कारण चिकटलेलं पीठ मी सुरीने खरवडायचे आणि डब्यातलं फवारायचं तेल मारायचे. त्या तेलात बहुधा लेसिथिन असतं. ते तापून प्लेटवर चिकट, पिवळा थर धरतं आणि मग वॉफल आणखीच चिकटतो. वितळलेलं लोणी किंवा तूप ब्रशने लावायचं आणि काढायला लाकडी उचटणं वापरायचं, एवढ्यानेच प्लेटचं आयुष्य वाढतं.

दुसरं घेताना आधी झाकण उचलून पाहिलं. हाताला वजन लागलं पाहिजे. जाड ओतीव प्लेट ताव धरून ठेवते. थंड पीठ पडलं म्हणून लगेच उतरत नाही. बिजागरीला वर सरकायची थोडी मोकळीक हवी, कारण पीठ फुगतं आणि ती मोकळीक नसेल तर सगळा ताण बिजागरीवर येतो. बाकी तापमानाची एक फिरवायची कळ आणि तापलं की विझणारा एक दिवा पुरे. स्क्रीन आणि दहा बटणांच्या यंत्रात बिघडण्यासारखं जास्त असतं, आणि ते तालुक्याच्या गावी कोण दुरुस्त करणार? सुट्या निघणाऱ्या प्लेटा धुवायला सोप्या, हे खरं. पण रोजच्या वापरात त्यांच्या खिट्या सैल होतात, म्हणून मी पक्क्या प्लेटांचं घेतलं. गरम असतानाच कोरड्या फडक्याने पुसते, नळाखाली कधीच धरत नाही. ते अजून चालू आहे.

तसंच एक दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गावी नेलं. नॉर्वेतही वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट. (अमेरिकेतून कोणी आणणार असेल तर थांबवा. तिथलं 120 व्होल्टचं यंत्र आपल्याकडे लावलं तर जवळपास पावणेचारपट वीज खेचतं आणि जळतं.) पिन मात्र बदलावी लागली. इकडच्या पिनेचं अर्थिंग बाजूच्या पट्टीतून येतं आणि आपल्या बोर्डात ते वरच्या तिसऱ्या भोकात असतं. नुसता जोड लावून धातूचं यंत्र चालवू नका. वायरमनकडून 16 अँपिअरची तीन पिनांची टॉप बसवून घ्या.

एवढं करून संध्याकाळी पीठ ओतलं. हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस, सगळ्या वावरांत मोटारी चालू. फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा 170 वर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, यंत्राचा दिवा काही विझेना. व्होल्टेज पडलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, त्यामुळे हजार वॉटचं यंत्र 170 व्होल्टवर साडेपाचशे वॉटांचंच काम करतं. वैनीने झाकण उघडलं. "ताई, काऊन वो, हे त पांढरंच हाय?" तेवढ्यात लाइनच गेली. घरच्या लहान इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही. चुलीजवळ बसलेली आई म्हणाली, "बिडाचा तवा असता त कवाचंच झालं असतं."

आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं. वॉफल विजेच्या कितीतरी आधीचा. अमेरिकेत ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउटला 1869 साली ज्या साच्याचं पेटंट मिळालं, तो चुलीवरचाच होता. इथे अजूनही तसा बिडाचा साचा मिळतो. मागच्या दिवाळीला मी तो बॅगेत घालून नेला. तीन किलोच्या वर भरला, त्यासाठी माझ्या दोन साड्या इथेच राहिल्या. त्यात थर्मोस्टॅट नाही, वायर नाही, उडणारा थर नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ज्या घरी लाइनचा भरवसा आहे त्यांनी जाड प्लेटांचं साधं विजेचं यंत्र घ्यावं, आणि आमच्यासारख्या गावात गॅसवरचा बिडाचा साचा.

वैनीने तो आधी जवसाच्या तेलाने रापवला. पातळ हात, धूर निघेपर्यंत तापवणं, थंड करणं, पुन्हा हात, असं चार वेळा. पिठात निम्मी ज्वारी, निम्मी कणीक, अंडी, दूध, लोणी, विलायची. अर्धा तास भिजू दिलं. साचा दोन्ही बाजूंनी इतका तापवला की पाण्याचा थेंब नाचला. मग एक डाव पीठ, झाकण, आणि दोन-अडीच मिनिटांनी उलटायचं.

पहिले दोन चिकटले, ते कालवडीला घातले. तिसरा अख्खा निघाला. आईने तो हातात घेऊन दाराच्या उजेडाकडे धरला, पाचही बदाम निरखले आणि म्हणाली, "इलायची थोडी कमीच हाय."