मध्यरात्रीचा सामना, साडेसातची शाळा

(माजी विद्यार्थी, दहावी मार्च १९९२)

१९९० च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा इटलीतला फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झालेला होता आणि आम्ही नुकतेच नववीत गेलो होतो. या योगामुळे पहिल्या चाचणीत आमच्या वर्गाचं काय झालं, ते शाळेच्या दप्तरात असेलच. ते आकडे स्मरणिकेत छापू नयेत, एवढी संपादक मंडळाला विनंती.

कोल्हापूरकराला फुटबॉलचं काही सांगायला नको. पण ही स्मरणिका लेकीसुनांबरोबर परगावी आणि काही प्रती परदेशीही जाणार, म्हणून चार ओळी. आमच्याकडे फुटबॉल वाढला तो पेठांतल्या तालमींच्या अंगणात. जिथं लाल मातीत कुस्तीचे डाव शिकवले जायचे, तिथल्याच पोरांनी संघ काढले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आम्हाला सतराच्या पाढ्याआधी पाठ होती. थंडीत सुरू झालेला शाहू स्टेडियमचा हंगाम मृगाचा पाऊस आला की संपतो. सगळ्या पेठा मग रिकाम्या बसतात. भांडायला सामना नाही, चिडवायला पलीकडची तालीम नाही. अशा ओल्या, मोकळ्या दिवसांत दर चार वर्षांनी वर्ल्ड कप येतो, आणि ज्या पोरानं जन्मात पंचगंगेचा पूल ओलांडलेला नसतो तो ब्राझीलच्या बचावफळीवर तावातावानं बोलू लागतो.

त्या वर्षी दूरदर्शनवर सामने दिसत. एक रात्री साडेआठला, दुसरा साडेबाराला. आमच्या तालमीत वर्गणी काढून आणलेला टीव्ही होता आणि पत्र्यावर अँटेना. पावसाचा जोर वाढला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ‘हां, हां, बास, गेलं, परत फिरव’ असं ओरडायचं. वर गेलेल्याचा गोल हमखास चुकायचा, म्हणून त्याच्याही पाळ्या लावलेल्या होत्या. गृहपाठाची वाटणी तशीच. गणित एकाकडे, इंग्रजी दुसऱ्याकडे, आणि साडेआठच्या आत सगळ्यांच्या वह्या भरलेल्या. हस्ताक्षरं वेगळी असली तरी चुका तंतोतंत सारख्या, हे बाईंच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

एरवी शाळा अकराची, त्यामुळे निभायचं. अडचण शनिवारची. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी रात्री साडेबाराला पश्चिम जर्मनी विरुद्ध संयुक्त अरब अमिराती होता. जर्मनीनं पाच गोल घातले, अमिरातीनं एक. तो एक गोल झाला तेव्हा तालमीत जो दंगा झाला, तो पाचांना मिळून झाला नसेल. दुबळ्याच्या बाजूनं ओरडायची आमच्या पेठेला खोड आहे. घरी जाऊन पडतो न पडतो तोच सहा वाजले, आणि साडेसातला मैदानावर सामुदायिक कवायत. ‘विश्राम’ म्हटल्यावर अर्धी रांग खरोखरच विश्राम घेऊ लागली. पी.टी.चे सर एरवी याला माफ करणारे नव्हेत. पण त्या दिवशी त्यांचेही डोळे लाल होते, आणि कवायत नेहमीपेक्षा बरीच लवकर संपली. त्यांनी काही विचारलं नाही, आम्हीही नाही.

भूगोलाच्या सरांची तऱ्हा वेगळी. ते स्वतः फुटबॉल बघत नसत. वर्ल्ड कपचा त्यांना उपयोग होता तो रेखावृत्तांसाठी. वर्गात आल्या आल्या म्हणाले, ‘रात्री कोण कोण जागलं ते मला नको. इटलीत संध्याकाळी पाच वाजता सामना सुरू झाला, तर आपल्याकडे किती वाजले ते फळ्यावर मांडा.’ आपली प्रमाणवेळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या साडेब्याऐंशी पूर्व रेखावृत्ताची, इटलीची पंधरा पूर्वची. फरक साडेसदुसष्ट अंशांचा. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे २७० मिनिटं, म्हणजे साडेचार तास. उत्तर आलं रात्री साडेनऊ. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, सामना साडेआठला असतोय.’ सरांनी गणित पुन्हा तपासलं. गणित बरोबर, आणि साडेआठही बरोबर! वर्गाला भलताच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सर उलगडा घेऊन आले: तिकडं उन्हाळ्यात सगळा देश घड्याळ तासभर पुढं करतो, म्हणून आपला फरक साडेतीन तासांवर येतो. एखादा देश ठरवून घड्याळ पुढं सरकवू शकतो, ही गोष्ट मला तेव्हा माराडोनाच्या ड्रिब्लिंगइतकीच अचाट वाटली. आमच्या वर्गातला एकही पोरगा प्रमाणवेळेच्या प्रश्नाला परत कधी अडला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

त्याच सरांनी आम्हाला रियुनियन बेट नकाशात शोधायला लावलं. कारण रॉजर मिला. अडतीस वर्षांचा हा माणूस निवृत्त होऊन हिंदी महासागरातल्या त्या बेटावर खेळत होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनी गळ घातली म्हणून परत आला. कोलंबियाचा गोलरक्षक हिगुइता चेंडू पायात घेऊन गोल सोडून पार पुढं आला होता. मिलानं चेंडू हिसकावला आणि रिकाम्या गोलात मारला. नंतर कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवत नाचला. पुढचे कित्येक दिवस शाळेच्या मैदानावर गोल कमी आणि नाच जास्त व्हायला लागले. आमच्या वर्गाच्या गोलीला मात्र सक्त ताकीद होती: खांब सोडायचा नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आमच्या वर्गात फुटबॉलचं सगळ्यात पक्कं ज्ञान एका मुलीला होतं. तिच्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळे गट, सगळे निकाल, गोल मारणाऱ्यांची नावं पेपरातून उतरवलेली असत. आमच्यात पैज लागली की निवाडा तिच्याकडे. तिनं त्या वर्ल्ड कपचा एकही सामना पाहिला नाही. रात्री साडेबाराला तालमीत मुलगी येईल, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती, आणि तिच्या घरी टीव्ही नव्हता. नेपल्सला अर्जेंटिनानं यजमान इटलीला पेनल्टीवर बाहेर काढलं, त्यांचा बदली गोलरक्षक गोयकोचिआनं फटके अडवले, त्याचं वर्णन आम्ही दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हातवारे करून करत होतो. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पहिल्या गोलीचा, पम्पिदोचा, पाय मोडला नसता तर हा खेळला असता का?’ आम्ही रात्रभर जागून जे बघितलं त्यात हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

१९९४ ला मी डिप्लोमाला होतो. अमेरिकेतले काही सामने आपल्याकडे पहाटे पाचला यायचे. विद्यार्थ्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, पोरगं पहाटे उठतंय हल्ली. १९९८ ला दिवसा मशीन शॉप, संध्याकाळी ए.एम.आय.ई.चा (नोकरी सांभाळून द्यायच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा) अभ्यास आणि रात्री फ्रान्स. अर्जेंटिना-इंग्लंड सामना पेनल्टीपर्यंत लांबला तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि सातची पहिली पाळी. लेथवर डुलकी म्हणजे बोट जाणं. म्हणून त्या दिवशी मिस्त्रींनी मला मशीनवर उभं न करता गोडाऊनमध्ये कास्टिंग मोजायला पाठवलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, पण त्यांना सगळं माहीत असायचं.

खरी परीक्षा २००२ ची. जपान-कोरिया. तोवरचे वर्ल्ड कप झोप मागायचे, हा कामावरच आला. जपानचं प्रमाण रेखावृत्त १३५ पूर्व, ते लोक उन्हाळ्यात घड्याळाला हात लावत नाहीत, त्यामुळे सरांच्या रीतीनं फरक साडेतीन तासांचा आणि बरोबर. फक्त आता घड्याळ आपल्या पुढं. सामने आले दुपारी बारा, अडीच आणि पाचला. शाळेतल्या पोरांचे तास बुडायची वेळ तीच, आमच्या पाळीची वेळ तीच. मी तेव्हा शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात होतो. समोरच्या चहाच्या टपरीवर केबल होती. टेन स्पोर्ट्स हे चॅनल त्याच वर्षी सुरू झालेलं. टपरीवाले मामा गोल झाला की दारात येऊन बोटांनी आकडा दाखवायचे आणि आमच्यातला एकजण तो खडूनं मशीनच्या गार्डवर, म्हणजे संरक्षक झाकणावर, लिहायचा.

२१ जून, शुक्रवार. बारा वाजता ब्राझील-इंग्लंड, उपांत्यपूर्व फेरी. आमची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक. मालक म्हणाले, अर्धा तासच मिळणार, पण कधीचा ते तुम्ही ठरवा. मग सकाळी चहाला रीतसर बैठक बसली. ब्राझीलवाल्यांचं म्हणणं, सुट्टी एक ते दीड घ्यावी, म्हणजे उत्तरार्ध बघता येईल. अर्जेंटिनावाले अडून बसले. त्यांचा संघ आठवडाभरापूर्वी पहिल्याच फेरीत घरी गेला होता. इंग्लंडकडून हरून आणि स्वीडनशी बरोबरी करून. ते म्हणाले, साडेबाराला पोटात कावळे ओरडतात, वेळ बदलायची नाही. पोटाचा काही संबंध नव्हता हो! पण हात वर केल्यावर तेच जास्त निघाले.

साडेबाराला भोंगा झाला आणि डबे घेऊन सगळे टपरीवर. इंग्लंडच्या ओवेनचा गोल आधीच झालेला. पूर्वार्धाच्या अगदी शेवटी ब्राझीलच्या रिव्हाल्डोनं बरोबरी केली, ती आम्ही बघितली, एकजण तर भाकरीचा घास हातात धरूनच. मध्यंतर झालं. एक वाजला, भोंगा झाला, आम्ही आत. अजून कट लावून मशीन धड सुरूही केलं नव्हतं तोच टपरीवरून असा आरडाओरडा आला की मिस्त्री बाहेर धावले. त्यांना वाटलं अपघात झाला. ब्राझीलच्या रोनाल्डिन्होनं लांबून मारलेली फ्री किक इंग्लंडचा गोलरक्षक सीमन याच्या डोक्यावरून आत गेली होती. वर्ल्ड कपमधला तो गोल आम्ही भिंतीपलीकडून ऐकला. गार्डवर खडूनं लिहिलं, २-१. थोड्या वेळानं मामा लाल रंगाची बिस्किटाची पुडी वर धरून दारात आले. कुणालाच अर्थ लागेना. रोनाल्डिन्होला लाल कार्ड मिळालं होतं.

संध्याकाळी घरी फोन आला. वहीवाली आमची वर्गमैत्रीण. ती तोवर बँकेत लागली होती आणि तिनं दुपारची अर्धी रजा टाकून घरी बसून अख्खा सामना बघितला होता. सीमन किती पावलं पुढं होता, चेंडू कसा वळला, सगळं तिनं सांगितलं. या वेळी ऐकून घ्यायची पाळी माझी होती. ‘क्रॉस होता का शॉट?’ म्हणजे चेंडू सहकाऱ्यांकडे टाकला होता का गोलावरच मारला होता, मी विचारलं. ती म्हणाली, ‘त्यालाच विचारायला पाहिजे.’

तो वाद आमच्या बॅचच्या ग्रुपवर अजून मिटलेला नाही.

मधल्या स्पर्धांचं फार लिहीत नाही. २०१७ ला सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पहिल्यांदाच पेठेला दुसऱ्याचा देश उसना घ्यावा लागला नाही. भारत तिन्ही सामने हरला, पण त्या तीन रात्री आठ वाजता रस्त्यावर माणूस दिसत नव्हता.

२०२२ पर्यंत माझं स्वतःचं छोटं शॉप झालं होतं. कतारच्या उन्हामुळे स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेलेली. अर्जेंटिना-सौदी सामना मंगळवारी दुपारी साडेतीनला, आणि आता टपरीचीही गरज नाही, सामना प्रत्येकाच्या खिशात फुकट. फेरी मारायला गेलो तर एका पोरानं मोबाईल लेथच्या हेडस्टॉकला टेकवून ठेवलेला. कामाचा तुकडा पकडून फिरणाऱ्या चकासमोर नजर दुसरीकडे, हे मी कधीही चालवून घेणार नाही. मशिनी बंद करायला लावल्या, पॅकिंगच्या टेबलावर टीव्ही लावला आणि सांगितलं, बघायचं तर नीट बसून बघा, तास रविवारी भरून द्या. पोरं खूष झाली. सौदी अरेबिया २-१ नं जिंकल्यावर मात्र निम्म्यांनी ‘आता कशाला रविवार’ म्हणून घासाघीस सुरू केली.

२०२६ च्या जूनमध्ये पुन्हा अमेरिका, सोबत कॅनडा आणि मेक्सिको. ४८ संघ, १०४ सामने. बॅचमधला एकजण न्यू जर्सीला असतो, अंतिम सामना त्याच्या घरापासून फार लांब नाही. तिकिटाचे भाव बघून त्यानं घरीच टीव्हीसमोर बसायचं ठरवलंय. त्याच्याकडे रविवार दुपारचे तीन, आपल्याकडे सोमवार, २० जुलै, रात्रीचा साडेबारा. शॉपमधल्या चौघांनी आत्तापासून सोमवारची रजा मागितली आहे, आणि पाचवा मागणार आहे हे त्याच्या तोंडावर दिसतंय. सगळ्यांना रजा दिली तर मंगळवारचा माल जात नाही. म्हणून सोमवारची पाळी सातऐवजी अकराला लावतो आहे, आणि राहिलेले तास आदल्या शनिवारी. अर्जेंटिना अंतिम फेरीत आली नाही तर पाळी परत सातला करा, अशी मागणी ब्राझीलवाल्यांकडून आली आहे. ती फेटाळली आहे.