दोन मीटर

परवा दुपारी माळा आवरताना दुर्बीण हाताला लागली. लेन्सच्या झाकणावर पांढरा, वाळलेला डाग होता, पुसायला ओढणीचं टोक घेतलं आणि आठवलं, अगं बाई, ही तर त्या इग्वानाची, समुद्री सरड्याची शिंक. मग पुसलाच नाही. वेडेपणा आहे, पण नाही पुसला.

गालापागोसला, पार पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेलो होतो, लेक-जावयानं नेलं, आपल्या खिशाला झेपणारं प्रकरण नव्हे. सोळा पाहुण्यांची छोटी बोट, रात्रभर चालायची आणि सकाळी उठून बघावं तर खिडकीत नवीन बेट (माझी रात्र आलेपाक चघळण्यात जायची ते सोडा). दुर्बीण मुळात ताडोबासाठी घेतलेली. तिथे पाच सफाऱ्यांत मिळून आम्हाला दिसले ते पंजांचे ठसे, आणि दर वेळी गाईडचं 'आत्ताच गेला'. त्यामुळे प्राणी बघणं म्हणजे दबकून बसायचं, कुणी वेफर्सचं पाकीट वाजवलं की डोळे वटारायचे, ही आमची शिस्त.

त्या दिवशी एस्पान्योला बेटावर उतरायचं होतं. बोटीवरून किनाऱ्यावर न्यायला रबरी होडी असते, तिला तिकडे पांगा म्हणतात. तर पांगा धक्क्याला लागला आणि पायरीवर सी लायन आडवा. गाईडबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यानं एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं, परत मिटला. आम्ही सगळे लाइफ जॅकेटं घालून ताटकळत, आणि हा आपला दारात आडवा झालेला लोकलचा प्रवासी, कल्याण आल्याशिवाय उठायचा नाही असा. शेवटी आम्हीच कडेकडेनं उतरलो.

नियम एकच, कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. पण पाऊलवाटेवरच इग्वाना पसरलेले, तांबूस, काळे, कुठे हिरवट, फलाटावर टाकलेल्या गोण्यांसारखे एकावर एक. समुद्रातलं शेवाळ खातात, त्याच्याबरोबर पोटात गेलेलं मीठ नाकातून फवारून टाकतात. मी वाकून बघत होते, एकानं फुर्रकन सोडलं. दोन मीटर मी पाळले होते की नाही ते विचारू नका.

पुढे कड्याजवळ अल्बट्रॉस. सात-साडेसात फूट पंख, हवेत राजा, पण उतरताना हमखास धडपडतो, आणि उडायला कड्यापर्यंत बदकासारखं डुलत चालत जावं लागतं. एक जोडी समोरासमोर उभी राहून चोचीवर चोच आपटत होती, टक टक टक, थेट भोंडल्यानंतरच्या टिपऱ्या. दुर्बीण लावली तर नुसतं पांढरं धूसर, इतके जवळ. गाईड म्हणाल्या, वर्षातले काही महिने दोघं समुद्रावर वेगवेगळी भटकतात आणि परत येऊन त्याच जोडीदाराशी संसार मांडतात. हे म्हणाले, "वेगवेगळी भटकतात ना, म्हणूनच टिकतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खरं सांगू का, दुपारपर्यंत मला जरा रागच आला होता. एवढ्या लांबून आलोय, कुणी दचकेना, कुणी उडेना. शोधायला लागलं नाही तर मजा कसली? निळ्या पायांचा बूबी माझ्यासमोर एक पाय उचल, दुसरा पाय उचल करत नाचत होता, नवीन चप्पल दाखवणाऱ्या पोरासारखा, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच, पलीकडे त्याची ती बसली होती. बूबी हे नाव म्हणे स्पॅनिश 'बोबो'वरून, म्हणजे बावळट. माणसाला बघून पळत नाही म्हणून बावळट! आपल्याकडे निदान भोळा तरी म्हटलं असतं.

1835 साली डार्विन आला तेव्हा त्यानं फांदीवरचा ससाणा बंदुकीच्या नळीनं ढोसून बाजूला केला होता, इतकी इथली पाखरं निवांत. त्याचं ठीक आहे. पण देवमाशांची शिकार करणारी जहाजं यायची ती कासवं उचलून न्यायची, खाणंपिणं नसताना महिनोन्महिने जगतात, म्हणजे जहाजावरचं ताजं मटण. ह्या एस्पान्योलावर हजारोंतली शेवटी चौदा उरली, बारा माद्या नि दोन नर. त्यांना दुसऱ्या बेटावर नेऊन पैदास केली, अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयातून दिएगो नावाचा आणखी एक नर आणला, आणि 2020 मध्ये ती म्हातारी मंडळी परत इथे सोडली. आम्हाला एकही दिसलं नाही. ताडोबाच झालं तेवढ्यापुरतं.

मग परत फिरताना मी बुटातली वाळू काढायला दगडावर टेकले आणि एक मॉकिंगबर्ड आला. साळुंकीएवढा, करडा, वाकड्या चोचीचा. बुटाची लेस ओढून बघितली, बुटावर चढला, तिथून पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर टोच टोच. बेटावर गोडं पाणी नाही, त्यांना बाटली ओळखता येते. गाईडनं आधीच बजावलेलं, पाणी द्यायचं नाही.

आणि मला एकदम वाईचा घाट आठवला. बाबांचा दहावा. पिंड ठेवलेला, कावळे समोर भिंतीवर ओळीनं बसलेले, एक खाली येईल तर शपथ. दादा म्हणाला, आईला मी बघीन. काकांनी जमिनीचं कबूल केलं. मी काय काय म्हटलं ते आता सांगवत नाही. गुरुजी घड्याळ बघत होते, मागे दुसरी मंडळी थांबलेली. बाबा गॅलरीत पेपरची गुंडाळी घेऊन कावळे हाकलायचे रोज सकाळी, हे माझ्याच डोक्यात आलं की सगळ्यांच्या, कोण जाणे. अर्ध्या-पाऊण तासानं दर्भाचा कावळा करून शिववला.

गाईड पुढून हाका मारत होत्या, पांगा आला होता. तो अजून माझ्या बुटावरच. मी पाय हलवला नाही. पाणी द्यायचं नव्हतं, म्हणून दिलं नाही.