टाउबरकाठचे भुशाचे बाण

सप्टेंबरच्या शेवटी सकाळी सातला टाउबरच्या खोऱ्यात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. धुकं नदीवर आणि कुरणांवर बसलेलं असतं. त्यातून आधी हातगाडीच्या चाकांचा आवाज येतो, मग दोन माणसं दिसतात. गाडीत सुताराकडून आणलेल्या लाकडाच्या भुशाची पोती आणि एक बादली. एकजण मुठीनं भुसा सोडत रस्त्यावर बाण काढतो, दुसरा चार पावलं मागं जाऊन तो नीट दिसतो का ते बघतो. इथल्या गावांच्या वार्षिक धावा ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या, त्यांना सगळ्यात आधी हेच आठवतं.

टाउबर ही दक्षिण जर्मनीतली साधारण 130 किलोमीटरची नदी. रोथेनबुर्गच्या तटबंदीखालून वाहत ती वेर्टहाइमला माइन नदीला मिळते. या दोन गावांमध्ये नदीच्या सोबतीनं जवळपास शंभर किलोमीटरचा सायकलरस्ता आहे आणि खोऱ्यातल्या बहुतेक धावा त्याच्याच एखाद्या तुकड्यावर होतात. जर्मनीत लहानशा गावातही एक ‘फेराइन’ असतं. आपलं मंडळच ते : वर्गणी, अध्यक्ष, खजिनदार, आणि दर वर्षी बाह्या सरसावून उभी राहणारी तीच वीस-पंचवीस माणसं. हे मंडळ वर्षातून एकदा सगळ्यांसाठी खुली धाव भरवतं. तिला म्हणतात ‘फोल्क्सलाउफ’, म्हणजे लोकांची धाव. पहिली अशी धाव 13 ऑक्टोबर 1963 रोजी आउग्सबुर्गजवळच्या बोबिंगेन गावात झाली. त्याआधी स्पर्धेत धावायचं तर क्लबचा नोंदलेला खेळाडू असावं लागे. बोबिंगेननंतर शेतकरी, शिक्षिका, पोस्टमन असे सगळेच छातीवर क्रमांक लावू लागले.

भुशाच्या बाणांचंही एक शास्त्र आहे. फाट्यावर एक बाण पुरत नाही. पहिला बाण वळणाच्या दहा-पंधरा मीटर आधी लागतो, कारण दमलेला माणूस खाली मान घालून धावतो आणि फाटा आल्यावर विचार करण्याइतकं भान त्याला नसतं. दुसरा बाण नेमका वळणावर. तिसरा वळून गेल्यावर वीसेक मीटरांवर, ‘बरोबर आलात’ एवढं सांगायला. चुकीच्या वाटेवर भुशाची आडवी रेघ आणि वाट अडवणारी पट्टी. भुसा थोडा ओला करून टाकला तर वाऱ्यानं उडत नाही. दवानं भिजलेल्या गवतावर चुना टाकला तर तो तासाभरात दिसेनासा होतो, म्हणून चुना फक्त डांबरावर. आणि हे काम आदल्या संध्याकाळी करायचं नाही. रात्रीतून पाऊस, रानडुकरं किंवा पहाटेचा ट्रॅक्टर, कोणीतरी बाण पुसतंच.

बाड मेर्गेंटहाइम ते वायकर्सहाइम हा अकरा-बारा किलोमीटरचा टप्पा या खोऱ्यात नव्यानं धावणाऱ्याला डोळे मिटून सांगावा असा. वाटेत इगर्सहाइम, मार्केल्सहाइम, एल्पर्सहाइम ही गावं लागतात आणि प्रत्येक गावात रेल्वेचा थांबा आहे. पाय दुखावला तर कुठूनही परतता येतं. रविवारी मात्र गाड्या कमी असतात, वेळापत्रक घरूनच बघून निघावं. गाडीनं वायकर्सहाइमला जाऊन धावत परत यावं. उलटं केलं तर शेवटी घामानं भिजलेल्या कपड्यांत फलाटावर थंडीत थांबावं लागतं.

हा रस्ता नकाशावर सपाट दिसतो आणि तिथंच लोक फसतात. मेर्गेंटहाइमहून प्रवाहाच्या उलट निघालं की चढ दर किलोमीटरला दोनेक मीटरच असतो, पायाला तो कळतही नाही. शिवाय इथं वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा. जाताना तो पाठीशी असतो, त्यामुळे चढ असूनही पहिले पाच किलोमीटर हलके जातात. वळलं की तोच वारा छातीवर येतो. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या धावेत नवखे लोक सातव्या किलोमीटरला का कोलमडतात, याचं उत्तर या वाऱ्यात आहे. मंडळातली जुनी माणसं सुरुवातीच्या रेषेवर दर वर्षी तेच सांगायची : जाताना जीव राखा, येताना कोणाच्या तरी पाठीमागं लागा. दुसरी अडचण सपाटपणाचीच. चढ-उतार नसले की प्रत्येक पाऊल सारखंच पडतं आणि तेच स्नायू, तीच पोटरी सतत राबते. तासाभरानं पोटरी आखडते. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून डांबर सोडून कडेच्या गवतावरून शे-दोनशे मीटर धावायचं.

वायकर्सहाइमच्या वर, र्योटिंगेनपर्यंतचा सातेक किलोमीटरचा तुकडा अधिक शांत. मध्ये टाउबररेटर्सहाइमला दगडी कमानींचा पूल लागतो. व्युर्त्सबुर्गचा राजवाडा बांधणाऱ्या बाल्थाझार नॉयमान यांनी 1733 साली तो बांधला. पूल मध्यभागी उंचावलेला आहे आणि सकाळच्या दवात दगड निसरडे होतात. तिथं पावलं आखूड टाकायची आणि कडेला न जाता मधून जायचं. पुलाच्या अलीकडं वाटेत बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य संपून बायर्न सुरू होतं. धावणाऱ्याला ते फलकावरून कळतं, पण धाव भरवणाऱ्या मंडळाला परवानगीसाठी दोन्हीकडे कागद पाठवावे लागतात आणि हे काम हिवाळ्यातच उरकावं लागतं. र्योटिंगेनमध्ये गावभर सूर्यघड्याळं लावलेली आहेत. धुकं वर गेलं की मनगटावरचं घड्याळ न बघता वेळ कळते.

ज्यांना सपाट नको, त्यांच्यासाठी द्राक्षमळ्यांची वाट. नदीपासून वरच्या पठारापर्यंत शंभर-दीडशे मीटरचा चढ असतो. उतारावरची माती चुनखडीची, तिच्यात दगडच दगड. शेतकऱ्यांनी शतकानुशतकं ते वेचून मळ्यांच्या कडेला उभ्या रांगांनी रचले आहेत. चढावर धावायचा हट्ट नको. हात गुडघ्यांवर टेकवून झपाझप चालणारा माणूस बहुतेकदा धावणाऱ्याच्या बरोबरीनंच वर पोचतो. खरा मार बसतो तो उतरताना. मळ्यातले काँक्रीटचे रस्ते तीव्र उताराचे, वर द्राक्षतोडणीचा हंगाम. वाटेवर सांडलेले मणी आणि सालं चिखलापेक्षा घसरडी असतात. पाऊस पडला की इथली चिकण माती बुटाला एवढी चिकटते की प्रत्येक पाय अर्धा किलोनं जड होतो. ती झाडायला थांबलेलं बरं, तशीच ओढत नेली तर मांडीचा स्नायू दुखावतो. उंच गवतातून गेलात तर घरी पोचल्यावर गुडघ्यामागं, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड शोधायची. या भागात गोचिडीपासून मेंदूज्वराचा धोका असतो आणि त्यावरची लस तिथले लोक नियमितपणे घेतात.

अंतर मोजायची रीत तर बघण्यासारखी. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा छोटा गणक बसवतात. आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चार वेळा चालवून गणकाचे आकडे पक्के करायचे, मग अख्खा मार्ग मोजायचा आणि शेवटी त्या तुकड्यावर पुन्हा चार फेऱ्या. सकाळी थंडीत आणि दुपारी उन्हात टायरातली हवा बदलते, म्हणून दोनदा. वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, म्हणजे धावणारा जाऊ शकेल त्या सर्वांत जवळच्या रेषेनं मोजायचं. वर हजारी एक जास्त धरायचं, म्हणून दहा किलोमीटरचा मार्ग प्रत्यक्षात 10,010 मीटरचा आखतात. तरी शेवटच्या रेषेवर कोणीतरी मनगट पुढं करून ‘माझ्या घड्याळात दीडशे मीटर जास्त’ असं म्हणतंच. उपग्रहावर चालणारं घड्याळ डोंगराच्या आडोशाला आणि झाडांखाली डळमळतं, आणि जवळच्या रेषेनं अख्खं अंतर कोणीच धावत नाही. मंडळाचा मोजणारा माणूस हे दर वर्षी तितक्याच शांतपणे समजावून सांगायचा.

पाण्याच्या टेबलाचा हिशोबही ठरलेला. दोनशे धावणारे असतील तर माणशी दीड पेला, पेल्यात दीडशे मिलिलिटर, म्हणजे पंचेचाळीस लिटर. पेले अर्धेच भरायचे. काठोकाठ भरलेला पेला धावता धावता घेतला की निम्मा अंगावर सांडतो. पहिल्या टेबलावर लिंबू पिळलेला, किंचित गोड, कोमट चहा आणि शेवटच्यावर साधं पाणी, म्हणजे चहा नको असलेला पुढं सरकतो. कचऱ्याचा डबा टेबलाजवळ नको, पन्नास मीटर पुढं हवा, कारण पेला रिकामा व्हायला तेवढं अंतर लागतंच. जाऊन-येऊनच्या मार्गावर टेबलं दोन्ही कडांना हवीत. एकाच कडेला लावली तर परतणारे लोक जाणाऱ्यांना आडवे येतात आणि टक्कर होते. परतीच्या खुणेपाशीही अशीच काळजी : तिथं ओली पानं झाडून काढायची आणि वळण ऐसपैस ठेवायचं. जागच्या जागी गिरकी घेताना घोटा मुरगळतो.

धाव लहान मुलांपासून सुरू व्हायची. पाच-सहा वर्षांची पोरं चारशे मीटर जीव खाऊन पळायची, अर्धी बापाचा हात धरून. मग शाळकरी मुलांची, मग पाच किलोमीटरची आणि शेवटी मुख्य. क्रमांकाच्या चार कोपऱ्यांना चार टाचण्या. दोनच लावल्या तर वाऱ्यात कागद फडफडून फाटतो. क्रमांक गावच्या व्यायामशाळेत वाटायचे आणि दाराशी एक आजी उभी असायची. बाहेरचे बूट आत न्यायचे नाहीत, हे ती प्रत्येकाला सांगायची, मग तो मागच्या वर्षीचा विजेता का असेना. सगळ्यात शेवटी सायकलवरून एकजण यायचा. तो आला की मार्ग मोकळा. शेवटच्या धावणाऱ्यासाठी टाळ्या पहिल्याइतक्याच वाजायच्या, बहुतेकदा जास्तच, कारण तोवर सगळे आंघोळ करून केक खात रेषेपाशी जमलेले असायचे.

केकचं टेबल हा तर सोहळाच. सप्टेंबरात आलुबुखारची झाडं लगडलेली असतात, त्यामुळे मोठ्या चौकोनी थाळ्यांत आलुबुखारचे केक. सफरचंदाचे, खसखशीचे, चीजचे, सगळे सभासदांच्या घरून आलेले. गोड नको असेल तर कांद्याचा केक आणि ‘ग्र्युनकर्न’चं सूप. शेजारच्या बाउलांड भागात स्पेल्ट जातीचा गहू हिरवा असतानाच कापून भाजतात, तोच हा. आपल्या हुरड्याची आठवण करून देणारा धुरकट वास त्याला येतो. सराईत लोक घरून डबा आणायचे आणि उरलेल्या केकचे चार तुकडे सोमवारसाठी बांधून न्यायचे. केकच्या पैशांतून पुढच्या वर्षीची मुलांची बक्षिसं निघायची.

बक्षीस समारंभ लांबायचा, कारण वयोगट पाच-पाच वर्षांचे. सत्तरीपुढच्या गटात दोनच बायका धावलेल्या असल्या, तरी दोघींची नावं पुकारली जायची. जिंकणाऱ्याला मळ्यातल्या वाइनची चपट्या पोटाची बाटली मिळायची, सर्वांत जास्त सभासद आणणाऱ्या मंडळाला धुरावलेल्या मांसाचा अख्खा तुकडा.

2020 साली कोरोनात या धावा थांबल्या. जर्मनीत कितीतरी गावांच्या धावा पुन्हा सुरू झाल्या, काहींच्या झाल्या नाहीत. धावणारे कुठूनही येतात, पण पहाटे सहाला भुसा टाकायला आणि फाट्यावर तीन तास उभं राहायला गावचीच माणसं लागतात, आणि त्यांची वयं झाली.

धाव संपली की पट्ट्या काढतात, टेबलं आवरतात, पेले वेचतात. भुसा तसाच राहू देतात, तो आपोआप मातीत मिळतो. त्यामुळे रविवारी आजारी पडलेल्या किंवा कामावर असलेल्या माणसाला सोमवारी तोच मार्ग धावता येतो, पाऊस यायच्या आत. मार्केल्सहाइमच्या पुढं जिथं वाट कुरणात उतरते, तिथं आधी एक बाण, मग वळणावर एक, आणि वीस मीटरांवर तिसरा.