दोन इंच माया

आमच्याकडे कराटे ड्रेसचं माप द्यायला मूल आलं की टेप हातात घेण्याआधी मी त्याला लाथ मारायला सांगते. हवेत, जोरात, जमेल तेवढी वर. बरोबरच्या आया गोंधळतात. पण उभ्या मुलाचं माप वेगळं आणि लाथ मारणाऱ्या मुलाचं वेगळं. हे कळायला मला अकरा पँटी फाटाव्या लागल्या.

2008 सालची गोष्ट. इचलकरंजीत आमचं घर वर, खाली एका खोलीत दोन शिलाई मशीन. आमचे हे सायझिंगमध्ये, म्हणजे मागावर जाण्याआधी सुताला खळ देतात त्या कारखान्यात, कामाला होते आणि मी शाळेचे गणवेश शिवायची. गणवेशाच्या धंद्यात मे-जूनला जेवायची सवड नसते आणि दिवाळीनंतर मशीनवर धूळ बसते. अशाच रिकाम्या दिवसांत शेजारच्या गल्लीतले कराटेचे सर आले. ते संध्याकाळी नगरपालिकेच्या शाळेत वर्ग घ्यायचे. हातात एक जुना ड्रेस आणि मागे अकरा मुलं. तयार ड्रेस मेरठ-जालंधरकडून यायचे. वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा धरला की मागावर काम करणाऱ्या आईबापांना ते झेपायचे नाहीत. सर म्हणाले, "ताई, असा शिवून द्याल का? पैसे थोडे थोडे करून देतील."

ड्रेस उलटासुलटा करून बघितला. जॅकेटला बटण नाही, काज नाही. एक बाजू दुसरीवर घ्यायची आणि कडेला बंद बांधायचे, अगदी बाळाच्या अंगड्यासारखं. मी मनात म्हटलं, हे तर घरचंच काम. पँट मात्र नेहमीच्या पायजम्यासारखी कापली. पहिल्याच संध्याकाळी मुलांनी लाथा मारायला सुरुवात केली आणि एकेक पँट आसनात उसवत गेली. आठवडाभरात अकराच्या अकरा परत आल्या. मग आसनाला कळी, म्हणजे पाय फाकायला जागा देणारा जादा तुकडा, लावली, तिथे दुहेरी शिलाई घातली, गुडघ्याला आतून जादा कापड दिलं. तेव्हापासून कळीशिवाय एकही पँट आमच्या दुकानातून गेलेली नाही.

त्या अकरांतला एक मुलगा मात्र त्यानंतर वर्गाला यायचा थांबला. सगळ्यांसमोर पँट फाटली होती, पोरं हसली होती. दुरुस्त केलेली पँट घेऊन मी त्याच्या घरी गेले. तो पलंगाखाली लपला होता. त्याच्या आईशी चहा घेत बोलत बसले, फाटण्यात चूक माझी होती, त्याची नव्हे, हे त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं आणि निघाले. दोन दिवसांनी तो परत वर्गात दिसला. मला कराटेतलं काही येत नव्हतं. तरी त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही मुलं वर्गात टिकावीत यासाठी दुकानात बसूनही मला बरंच करता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे माया. माया म्हणजे पुढे सोडता यावं म्हणून आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. बाही आणि पाय दोन्हीकडे दोन इंच माया ठेवायची, हा नियम केला. मूल वाढतं आणि आईबाप म्हणतात, "आता पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी ते मूल वर्गात नसतं. म्हणून माया सोडायचे पैसे आम्ही घेत नाही. दर सहा-आठ महिन्यांनी मुलं येतात, मी धागा उसवते, इस्त्री फिरवते, नवीन दुमड घालते. जुन्या दुमडीची रेघ धुऊनही पुसट दिसत राहते. ज्याच्या बाहीवर अशा दोन-तीन रेघा आहेत ते मूल टिकलं, हे न विचारता कळतं. आणि इस्त्री गरम होईपर्यंत गप्पा होतात. पायाचं बोट सुजलंय पण घरी सांगितलं नाही, नवा काता (एकट्याने करायची ठरलेल्या हालचालींची मालिका) लक्षात राहत नाही, मैत्रीण पुढे गेली आणि मी मागे राहिले, हे सगळं मला त्या दहा मिनिटांत समजतं. जे सरांपर्यंत जायला हवं ते मी पोहोचवते.

लांबीला महत्त्व आहे ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांनुसार बाही मनगटाच्या पुढे जाऊ नये आणि कोपर-मनगटाच्या निम्म्याहून आखूड नको. पँटने नडगीचा किमान दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे. बाह्या दुमडून स्पर्धेत उतरता येत नाही. हे मी कागदावर वाचलेलं नव्हतं, एका जिल्हास्तरीय स्पर्धेत बघितलं. थोरल्या भावाचा ड्रेस घालून आलेला एक लहानगा, बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या. पंचांनी बरोबरच अडवलं. पोरगा रडवेला. माझ्या पिशवीत सुई-दोरा होता. तो हात पुढे करून उभा राहिला आणि मी तिथेच दोन्ही बाह्या आत घालून धावदोरा मारला. त्याचा हात थरथरत होता, म्हणून मी त्याला शाळेचं, घरच्या मांजराचं, काहीबाही विचारत राहिले. तो पहिल्याच फेरीत हरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "पण बाही सुटली नाही." तेव्हापासून स्पर्धा असली की आमची एकजण सुया, दोरे, सेफ्टी पिना आणि चार-पाच जादा ड्रेस घेऊन हॉलमध्ये हजर असते.

चुकाही झाल्या. 2011 मध्ये इथल्याच मागावरचं कोरं कॅनव्हास स्वस्त मिळालं म्हणून भरपूर उचललं आणि न आटवता कापलं. पहिल्या धुण्यात ड्रेस आटले. बेल्टच्या परीक्षेला आठ दिवस राहिलेले आणि चाळीस मुलांच्या बाह्या कोपराकडे सरकलेल्या. ह्यांनी सायझिंगमधून आठवडाभर रजा काढली, सासूबाईंनी स्वयंपाक स्वतःकडे घेतला आणि आम्ही चाळीसच्या चाळीस नव्याने शिवले. त्या वर्षी पदरात काही पडलं नाही. आता कापड आलं की आधी रात्रभर पाण्यात, मग गच्चीवर.

कापडाचं सांगायचं तर नवशिक्याला हलकं, चौरस यार्डाला 8 औंस वजनाच्या आसपासचं पुरतं. काता करणारी मोठी मुलं जाड कॅनव्हास मागतात, कारण ठोसा सुटला की बाहीचा फाटकन आवाज यायला हवा. आईबाप पहिल्याच दिवशी जाड कापड मागतात तेव्हा मी नको म्हणते. सात वर्षांचं मूल त्या ओझ्याखाली घामाने बेजार होतं आणि त्याला वाटतं, कराटे आपल्याला जमत नाही. मधे ज्युदोचे ड्रेसही करून पाहिले. त्याच्या जॅकेटची वीण तांदळाच्या दाण्यांसारखी उठावाची असते, कॉलर एवढी जाड की आमच्या मशीनच्या सुया मोडायच्या. ते काम सोडून दिलं.

आमच्या कोल्हापूर भागात पैलवान सांभाळायची रीत जुनी आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधलं, ते आजही आहे. गावातलं पोरगं तालमीत गेलं की कोणी दूध देतं, कोणी बदाम, कोणी खुराकाचे पैसे. खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, ही गोष्ट इथे शाळकरी मुलालाही माहीत असते. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराटे आपल्याकडे त्या मानाने नवं. कराटे शिकणाऱ्या पोराला खुराक देणारा गावात कोणी नसतो. सरांना मी एकदा म्हटलं, "आमच्या दुकानाला तुमच्या मुलांचा खुराक समजा." ते हसले, पण मी ते मनापासून म्हटलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगते. 2015 च्या सुमारास तेरा वर्षांची एक मुलगी ड्रेस घडी घालून घेऊन आली. "काकू, हा परत घ्या. आई म्हणते दहावीकडे लक्ष द्यायचंय." आठवीतल्या मुलीला दहावीचं कारण! हिरवा बेल्ट होता तिचा, चांगली खेळायची. मी ड्रेस घेतला नाही. मशीनवरच्या बाईला बाहेर पाठवलं आणि तिला आत बसवलं. बराच वेळ गप्प राहून तिने सांगितलं. सरावात जॅकेट उघडं पडतं. आणि पाळीच्या दिवसांत पांढरी पँट घालून मुलांसमोर पाय वर करायची भीती वाटते.

सात वर्षं मी हे ड्रेस शिवत होते. मी स्वतः बाई. आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

त्या रात्री मी नवा नमुना कापला. मुलींच्या जॅकेटला आतून एक जादा बंदाची जोडी, कडेला थोडी खोल ओव्हरलॅप, म्हणजे ओढाताणीतही पुढचा भाग जागचा हलत नाही. आत घालायला गडद रंगाची, मांडीपर्यंतची सुती चड्डी, पँटच्या कापडाइतकीच मजबूत. स्पर्धेत मुलींना जॅकेटच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालायची मुभा आहे, हे सरांना ठाऊक होतं, पण मुलींना कोणी सांगितलं नव्हतं. मी सरांकडे गेले आणि स्पष्ट बोलले. ते अवघडले, खाली बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात एवढंच सांगितलं की स्पर्धा आणि परीक्षा सोडून सरावाला ज्याला हवी त्याने काळी पँट घालावी. मुलगा-मुलगी असं काही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी काळी पँट घालून आले ते स्वतः सर. त्यानंतर त्या पँटीकडे कोणी वळून बघितलं नाही.

सरांची शिकवण्याची तऱ्हाच तशी. बेल्टच्या परीक्षेत कोणी राहिलं तर ते हॉलमध्ये जाहीर करत नाहीत. चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून देतात. "डावा पाय वळताना टाच उचलते." दुसरं काही नाही. मूल ती चिठ्ठी ड्रेसच्या पिशवीत ठेवतं आणि महिनाभर टाच बघत बसतं. मी असंही पाहिलंय, इथे नव्हे, दुसरीकडे, की राहिलेल्या मुलाला सर्वांसमोर उभं करतात आणि "याच्यासारखं होऊ नका" म्हणतात. त्या मुलाचा ड्रेस पुढे बोहारणीकडे जातो.

पैशाचा आमचा एक नियम आहे. उधारीची वही असते, पण मुलासमोर ती उघडायची नाही. बाकी मागायची ती आईबापांकडे, मूल दुकानात नसताना. एका शाळेने साठ ड्रेस घेऊन दीड वर्ष पैसे थकवले, तेव्हा दुकान बंद करायची वेळ आली होती. त्या साठ मुलांच्या माया तरीही सोडून दिल्या.

ऑगस्ट 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी खालच्या खोलीत आलं. मशीनं वर नेली, कापड राहिलं. मग 2020 ची टाळेबंदी. वर्ग बंद, शाळा बंद, आम्ही मास्क शिवून तगलो. वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा मुलं कमी आणि मुली त्याहून कमी. त्याच सुमारास, 2021 मध्ये, टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आलं. दुकानातल्या मोबाईलवर आम्ही सगळ्यांनी काता बघितला. स्पेनच्या सांद्रा सांचेझने सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती 39 वर्षांची होती. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवरची आमची बाई म्हणाली, "माझ्याहून मोठी आहे की!" पुढच्या आठवड्यात तीन आया स्वतःच्या मापाचे ड्रेस शिवायला आल्या. आता सरांच्या वर्गात सकाळची एक तुकडी बायकांची आहे.

पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतं. मुलं विचारतात, मग शिकून उपयोग काय? शालेय स्पर्धांत आहे, आशियाई स्पर्धेत आहे, हे मी सांगते. पण ज्या मुलाने हे विचारलं त्याला दोन वर्षांपूर्वी अनोळखी माणसाशी मान वर करून बोलता येत नव्हतं, हेही मला आठवत असतं, आणि तेही त्याला सांगते.

आज सात मशीन आहेत आणि पाच बायका. जुने ड्रेस परत येतात, ते धुऊन, डागडुजी करून कपाटात ठेवतो. सरकारी शाळांत मुलींना आत्मसंरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. ते संपलं की एखादी मुलगी सरांकडे येते, पुढे शिकायचं म्हणते. तिला पहिला ड्रेस त्या कपाटातला. अट एकच, लहान झाला की परत आणायचा. आत कॉलरला आधीच्या मुलांची नावं दोऱ्याने घातलेली असतात, ती आम्ही उसवत नाही. काही ड्रेसवर चार-चार नावं झाली आहेत.

हिरव्या बेल्टची ती मुलगी आता तेवीसची आहे. मधे शिक्षणासाठी वर्ग सुटला होता, परत आली. मागच्या महिन्यात काळ्या बेल्टच्या परीक्षेसाठी नवीन ड्रेस शिवायला आली. मी टेप काढायच्या आधीच तिने लाथ मारली, थेट माझ्या कानाच्या उंचीला. कापताना मी सवयीने दोन इंच माया ठेवली. ती म्हणाली, "काकू, आता काय वाढणार आहे मी?" मी दुमड घालून मशीन चालू केलं.

परीक्षा या रविवारी आहे. ड्रेस दोनदा धुऊन झालाय, गच्चीवर वाळतोय.