साठ की आठ?

फोनवर व्यापाऱ्याने साठ तागे मागवले होते; मी वहीत आठ लिहिले आणि आठच रवाना केले. इचलकरंजीत मागांच्या खात्याला लागून असलेल्या खोलीत तीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक व्हावी, याचे मालकांना वाईट वाटले आणि त्यांनी ती माझ्या वयाच्या खात्यावर टाकली. मीही तसेच मानले, कारण फोनची घंटा मला ऐकू येत होती आणि बोलणाऱ्याचा आवाजही येत होता. बहिरेपण म्हणजे काहीच ऐकू न येणे, अशी माझी तोवर समजूत होती.

पुढे दोन वर्षांनी पत्नीच्या आग्रहाखातर श्रवणतपासणी करून घेतली. बंद खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसायचे आणि बारीकसा सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे, एवढीच ती परीक्षा असते. काही वेळाने काचेपलीकडची मुलगी यंत्राची कळ फिरवताना दिसत होती, मात्र माझ्या कानात काहीच येत नव्हते. केवळ तिचा हात हलला म्हणून मी दोनदा बटण दाबले, हे आज कबूल करायला हरकत नाही. कागदावरची रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या सुरांना, बरी होती आणि ४,००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या बारीक सुरांना, विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काढलेल्या कानाची ही ओळखीची खूण असल्याचे तिने सांगितले. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांचे खाते ती सहज ओलांडते. एवढा कापूस हाताशी असून कोणी कानात बोळा घातला नाही, असे मी एकदा खेदाने म्हणालो, तेव्हा साध्या कापसाने फारसे काही अडत नाही, हेही कळले.

साठ आणि आठ यांचा उलगडा त्या रेघेतच होता. स्वर खालच्या पट्टीत असतात, तर ‘स’चा सूत्कार वरच्या पट्टीत, ती पट्टी गेली की ‘साठ’मधला ‘आठ’ तेवढा उरतो. त्यातच साधा फोन ३,४०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोहोचवत नाही. म्हणूनच समोरच्याने ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडण्याने स्वर फुगतात आणि व्यंजन होते तिथेच राहते. ‘अहो, ऐकू येतंय ना?’ या प्रश्नाला ‘येतंय, पण कळत नाही’ हे माझे उत्तर घरात बरेच दिवस आडमुठेपणाचे ठरले होते.

कर्णनादाचे दुखणे याच्याच जोडीने आले. जुना टीव्ही लावला की पडद्यामागून एक अतिशय बारीक शीळ येत असे; तशीच ती माझ्या डाव्या कानात अखंड चालू असते. ऐकण्यातून गेलेल्या पट्टीची भरपाई करण्यासाठी मेंदू आपली संवेदना वाढवतो आणि त्यातून हा नाद उमटतो, असे याचे बहुमान्य स्पष्टीकरण आहे. गंमत अशी की तपासणीच्या यंत्रावर जुळवून पाहिल्यावर तो जेमतेम ऐकू येणाऱ्या सुराएवढाच भरला. रात्री दोन वाजता मात्र त्यापुढे दुसरे काही सुचत नाही. शांतता हेच औषध समजून मी पहिले काही महिने दारे-खिडक्या लावून झोपत होतो आणि त्याने नाद अधिकच टोचत असे. आता थंडीतही पंखा एकवर चालू असतो आणि पत्नी दोन गोधड्या घेऊन झोपते.

कानामागचे श्रवणयंत्र लावल्यापासून दिवसा नाद मागे हटतो, कारण बाहेरचे आवाज आत येऊ लागतात. मात्र भांडे पडले की तोच आवाज डोक्यात खिळ्यासारखा घुसतो; दुबळ्या कानाला मंद आवाज पोहोचत नाही आणि मोठा सोसत नाही. लग्नाच्या पंगतीत मी अजूनही यंत्र काढून खिशात ठेवतो.

नातू समोर येऊन, तोंड दिसेल असा उभा राहून बोलायला शिकला आहे. पेढीवर अजून कधीमधी फोन घेतो आणि आकडा ऐकला की व्यापाऱ्याला न संकोचता विचारतो, ‘सहावर शून्य, की नुसते आठ?’