ओ सेब्रेरोचा चढ आणि सांता मारियाचे चर्च

स्पेनमधील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पायी यात्रेत ला फाबा हे गाव मागे पडले की झाडी विरळ होते, उघडा डोंगर लागतो आणि गालिसिया प्रदेशाच्या सीमेचा दगड ओलांडून आपण सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या ओ सेब्रेरो या खेड्यात शिरतो. त्या चढावरचा वारा अंगावर घेतल्यानंतरच सांता मारिया ला रेआल या तिथल्या चर्चची बांधणी मला नीट उमगली. त्याचे मूळ परंपरेने 9व्या शतकातले मानतात. 11व्या शतकात राजा सहावा अल्फोन्सो याने इथली धर्मशाळा फ्रान्समधील ओरिआकच्या बेनेडिक्टाइन मठवासीयांकडे सोपवली, आणि पुढे कित्येक शतके थकल्याभागल्या यात्रेकरूंची सेवा इथे होत राहिली.

इमारत बुटकी, जाड भिंतींची आणि राखाडी दगडाची आहे. खिडक्या लहान ठेवल्यामुळे आत उजेड बेताचाच येतो. आतली तीन दालने साध्या अर्धवर्तुळाकार कमानींनी वेगळी केलेली असून वेदीकडची टोके गोलाकार नसून चौकोनी आहेत. रोमनेस्क ही मध्ययुगीन युरोपातली बांधकामशैली रुळण्याआधीची ही पद्धत. कोरीवकाम जवळजवळ नाहीच, आणि मला तर ते हवेसेही वाटले नाही. बर्फाच्या दिवसांत वर चढून आलेल्या माणसाला आधी आडोसा लागतो. बाप्तिस्म्याचे दगडी कुंड मात्र चांगलेच मोठे आहे, कारण त्या काळी बालकाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत असत.

बाजूच्या चॅपेलमध्ये काचेआड 12व्या शतकातला चषक आणि तबक ठेवलेले आहे. आख्यायिका अशी की बर्फाच्या वादळातून एक शेतकरी मिस्सासाठी, म्हणजे भाकरी आणि वाइन ही ख्रिस्ताचे शरीर व रक्त मानून होणाऱ्या उपासनेसाठी, वर आला, तेव्हा ‘एवढ्याशा भाकरीसाठी आणि वाइनसाठी हा कशाला आला?’ असे अश्रद्ध धर्मगुरूच्या मनात आले, आणि त्याच क्षणी त्याच्या हातातील भाकरीचे मांस व वाइनचे रक्त झाले. देव भावाचा भुकेला, असे ऐकत वाढलेल्या मला ही कथा जराही परकी वाटली नाही, आणि त्या काचेपुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

तरीही आज हे चर्च उभे दिसते त्याचे मोठे श्रेय मी फादर एलियास वालिन्या यांना देतो. 1959 पासून ते इथले धर्मगुरू होते. यात्रा जवळजवळ ओस पडली होती त्या काळात त्यांनी चर्चचा जीर्णोद्धार आणि गावातल्या पायोसा, म्हणजे गवताने शाकारलेल्या गोल दगडी घरांचे जतन मनावर घेतले. यात्रेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. आणि 1984 मध्ये मोटारीत पिवळ्या रंगाचे डबे घालून वाटेवर बाण रंगवत ते स्पेनभर फिरले. 1989 मध्ये ते वारले. चर्चबाहेर त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि सांतियागोकडे उतरणारी पुढची वाट आजही त्याच पिवळ्या बाणांच्या खुणेने चालावी लागते.